पलीकडे कोण बसलंय

डाँगल खाली पडला आणि ठिपके तसेच चालू राहिले. एवढंच झालं. म्हणजे भांडण नाही, अॅक्सिडेंट नाही, काहीच नाही. रविवार होता, जेवणं झालेली, आई माझ्या टेबलाखाली झाडू मारत होती, झाडूत वायर अडकली आणि तो अंगठ्याएवढा डाँगल लॅपटॉपमधून निसटून फरशीवर टक् करून पडला. आई बोलली, "अगं माय, तुटलं का काय?" मी बोलली, काही नाही, उचलते. वाकली, हातात घेतला, आणि तो थंड. स्वराज, तू आमच्याच बॅचचा, तुला माहितीये ना तो चालू असला की किती तापतो, हाताला चटका बसतो. तो एकदम थंड होता, माठाखालच्या फरशीसारखा. आणि मी वर बघितलं तर स्क्रीनवर गीतांजलीचे ठिपके. चार कोपऱ्यांत चार घोळके, छान गच्च, जागच्या जागी थरथरतायत. बाकीच्यांना म्हणून सांगते, तो डाँगल म्हणजे माझा रेडिओ. ॲंटेनातून जे येतं ते तो आकड्यांत करून लॅपटॉपला देतो, बाकी सगळं काम सॉफ्टवेअर करतं. तो नाही तर हवेतून काहीच येत नाही. कान कापून हातात धरलाय आणि तरी ऐकू येतंय, असं. मी तशीच वाकलेली. आई बोलली, "काय बघायलीस अशी? उचललं ना? सरक मग, मला केर काढू दे." मी सरकली. पाय वर घेऊन खुर्चीत बसली आणि बघत राहिली.

हे ठिपके काय ते एकदा नीट सांगते, हसू नका. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी आणि गीतांजलीने प्रोजेक्ट घेतला, आमच्या जुईनगरच्या बिल्डिंगपासून तिच्या बोनकोड्याच्या बिल्डिंगपर्यंत रेडिओ लिंक. सर बोलले होते, कशाला उन्हात मरता, सिम्युलेशन दाखवा, मार्क तेवढेच. गीता बोलली, "सर, सिम्युलेशनमधे सगळे एकमेकांना ऐकतात. त्यात काय मजा?" ती अशीच बोलायची, हळू, चष्मा वर करत, आणि समोरचा गप्प. मग आम्ही आठशे सहासष्ट मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम केलं, तिथे कमी ताकदीने बोलायला लायसन लागत नाही. दोन्हीकडे पाठवायला एकेक डबी, ऐकायला एकेक डाँगल. ती तिच्या गच्चीवरून पाठवणार, मी ऐकणार, मग मी पाठवणार, ती ऐकणार. सिग्नल नीट पोचला की ठिपके चार कोपऱ्यांत गोळा होतात. नाही पोचला की सगळ्या स्क्रीनभर धूळ. पहिल्या दिवशी काय झालं माहितीये? ना कोपरे ना धूळ, ठिपके गोल गोल फिरायला लागले, गरब्यासारखे. मी फोनवर ओरडतेय, गीता अगं फिरतायत, फिरतायत! ती बोलली, "ओरडू नको, फोनशिवाय पण ऐकू येईल मला. तुझं आठशे सहासष्ट आणि माझं आठशे सहासष्ट एक नाहीये, म्हणून." प्रत्येक यंत्राचा ताल धरणारा आपला आपला स्फटिक असतो, आत कुठेतरी, आणि प्रत्येकाचं मोजमाप केसभर वेगळं. दोघंही खरं बोलतात, तरी जुळत नाही. त्यातून तापलं की अजून सरकतं. मग ऐकणाऱ्याने पाठवणाऱ्याच्या मागे मागे सरकायचं, सतत, थोडं थोडं, की तो स्थिर दिसतो. ते मी करायची. कॉलेजमधे पण मीच करायची, आता विचार केला तर. ती कँटीनला निघाली की मी वही बंद करायची.

तर ते फिरणं थांबलं आणि चार घोळके उभे राहिले, त्या संध्याकाळी मी आमच्या गच्चीवर एकटी नाचली होती, पाण्याच्या टाकीपाशी. वॉचमनने खालून बघितलं. पप्पांना जाऊन बोलला, तुमच्या मुलीला बरं नाही काय? प्रोजेक्ट झाला, मार्क मिळाले, कॉलेज संपलं. लिंक आम्ही काढलीच नाही. ठरवलं नव्हतं असं काही, फक्त कोणीच बोललं नाही की काढूया. मला सीवूड्सला क्लासमधे फिजिक्स शिकवायचं काम लागलं, दहावीची पोरं, सगळी मॉलकडे तोंड करून बसलेली. तिथून घरी आली की आई चहा ठेवायची, मी लॅपटॉप उघडायची, ठिपके बघायची आणि गीताला मेसेज टाकायची: आला. क्लीन. मग माझी डबी चालू करायची, माझे ठिपके तिच्याकडे. तिचा मेसेज यायचा: तुझा पण. बस. दिवसभरात मी किती बडबड करते तुम्हाला माहितीये, पण खरं सांगू, माझ्या दिवसातलं बोलणं तेवढंच होतं. बाकी सगळा आवाज.

मधे सानपाड्याला तो टॉवर उठला ना, हिरवी जाळी लावलेला, वर क्रेन, तेव्हापासून सिग्नल ढासळला. चार कोपऱ्यांची धूळ व्हायला लागली. मला राग आला त्या बिल्डिंगचा, म्हणजे अक्षरशः राग, प्रत्येक स्लॅब पडला की मला वाटायचं माझ्या छातीवर टाकतायत. मग मी जे कोणीही करतं ते केलं. एक बऱ्यापैकी दिवस बघून गीताचा सिग्नल फाईलमधे रेकॉर्ड करून ठेवला, कच्चा, हवेतून आला तसा, गोंगाटासकट. कारण हवा रोज वेगळी, आपण डिकोडरमधे, म्हणजे सिग्नल वाचणाऱ्या प्रोग्राममधे, एक गोष्ट बदलावी आणि हवा पण बदललेली, मग कळणार कसं सुधारलं कशामुळे? म्हणून रेकॉर्डिंग लावायचं, तेच तेच, संपलं की परत पहिल्यापासून, आणि त्याच्यावर डिकोडर दुरुस्त करत बसायचं. सॉफ्टवेअरमधे दोन चौकोन असतात, एक डाँगलचा, एक फाईलचा. एक चालू करायचा, दुसरा बंद. काम झालं की उलट. एवढं सोपं. मी पाय वर घेऊन खुर्चीत बसलेली आणि स्क्रीनवर ते दोन चौकोन शोधले. डाँगलचा चौकोन राखाडी, म्हणजे बंद. फाईलचा निळा, आणि खाली लिहिलेलं, रिपीट: येस.

कधीपासून, ते मला आठवेना. मी बसून मागे मागे जात राहिली. नवरात्रात? त्याच्यानंतर? जेव्हापासून ठिपके सुधारले तेव्हापासून, हे उत्तर समोर होतं आणि मला ते उचलायचं नव्हतं. कारण ठिपके रोज सुधारत होते ना! मी डिकोडरला एकेक गोष्ट शिकवत होती आणि घोळके गच्च होत होते, आणि मला वाटत होतं हवा साफ झाली, टॉवरला वळसा घालून येतोय सिग्नल, वाट सापडली त्याला. मी गीताला लिहिलं होतं, आज तर कमाल आहे गं, इतका क्लीन कधीच नव्हता. ती लिहायची: तुझा पण. आणि अजून एक होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. ते ठिपके मधेच एकदा डळमळायचे. दोन-चार सेकंद घोळके पसरायचे, मग परत जागेवर. मला वाटायचं, चारुलताकाकू, म्हणजे गीताची आई, कपडे वाळत घालायला गच्चीवर आल्या आणि ॲंटेनासमोरून गेल्या. माणूस मधे आला की होतं तसं. मी चहा पिता पिता हसायची, आल्या काकू. थोड्या वेळाने परत डळमळायचे. मी बोलायची, आता चादरी आणल्या वाटतं. रोज. एकच बाई, एकाच दिवशी, एकदा चालत गेली असेल ॲंटेनासमोरून, आणि मी तिला रोज संध्याकाळी पुन्हा पुन्हा चालवत होती. कपडे कधी वाळतच नव्हते.

आई चहा घेऊन आली, बोलली, "तोंड का उतरलं गं? मोडलं का ते?" मी बोलली, मोडलं नाही गं आई, फाईल होती. "कसली फाईल?" मी बोलली, मैत्रिणीची. आई बोलली, "मग चांगलं हाय की, जपून ठेव," आणि गेली. मी फाईल बंद केली. डाँगल लावला, त्याचा चौकोन चालू केला. कच्च्या सिग्नलची खिडकी उघडली, सगळी स्क्रीन निळी, निळं म्हणजे काहीच नाही, वरून खाली सरकणारी, आणि बरोबर मधोमध एक उभी काडी. त्या काडीला भुलायचं नाही, ती सगळ्यांच्या डाँगलमधे असते. आपण कुठेही ट्यून करा, ती मधेच उभी. ती बाहेरची नसते, यंत्राचा आपलाच आवाज असतो तो. नवीन पोरं तिला बघून खूश होतात, सिग्नल सापडला म्हणून. मी गेन वाढवला. गेन म्हणजे कान टवकारणं. अजून वाढवला, पूर्ण वाढवला, तर सगळी स्क्रीन पिवळी, समोरच्या बिल्डिंगवरचा मोबाईलचा टॉवर, लिफ्टची मोटर, कोणाकोणाचे चार्जर, सगळे एकदम ओरडायला लागले. ही पण चूकच असते, ऐकू येत नाही म्हणून आपण कान जास्त उघडतो आणि मग ज्यांचं ऐकायचं नाही तेच आत घुसतात. कमी केला. निळं. काडी. वायर तपासली, ॲंटेना खिडकीच्या ग्रिलला बाहेरून बांधला. निळं. काडी.

आणि मला चक्क बरं वाटलं! ऐका तर. मला वाटलं, ठीक आहे, लिंक खराब आहे, मग काय, दुरुस्त करू. बॅगेत कनेक्टर भरले, जादा केबल, मल्टिमीटर, पप्पांची ॲक्टिव्हा काढली. गीताला फोन लावला, तिने उचलला नाही, मी मेसेज पण टाकला नाही, जाऊन सरप्राईज देऊ म्हणून. ठाणे-बेलापूर रोडवर रविवारचं ऊन, एमआयडीसी बंद, सगळे गेट बंद, आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलतेय, तिला काय काय सांगायचं ते. अगं मूर्ख, मी महिनाभर तुझ्या भुताशी बोलत होती. ती हसेल. चष्मा वर करेल. मग दोघी गच्चीवर बसू, ती पॉवर बघेल, मी केबल, काकू पोहे देतील. बोनकोडे गावाच्या कमानीपाशी वळली तेव्हा मी इतकी आनंदात होती की खड्ड्यात गाडी घातली.

दार काकूंनी उघडलं. "अगं मैत्री! ये, ये. एकटीच?" मी बोलली, काकू, गीता कुठाय, झोपलीये का? आणि काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या हाताला पीठ लागलं होतं, ते त्या पदराला पुसायला लागल्या, आणि पुसतच राहिल्या. "गीता बंगळूरला असते ना आता. जॉइन झाली ती. तुला... तुमचं तर रोज बोलणं होतं, ती म्हणते." मी बोलली, हो हो, होतं ना. बंगळूरच्या त्या कंपनीचा इंटरव्ह्यू आम्ही दोघींनी दिला होता, तुर्भ्याला, एकाच दिवशी, एकाच बाकावर बसून. मला बोलले होते, कळवतो. मी अजून मेल बघायची रोज सकाळी. काकू बोलल्या, "बस ना. पाणी देते." मी बोलली, काकू, मी जरा गच्चीवर जाऊन येऊ? ॲंटेना बघायचाय.

ॲंटेना होता. केबल पण होती, भिंतीवरून खाली आलेली, आणि तिच्या तोंडाला दुधाची रिकामी पिशवी रबरबँडने घट्ट बांधलेली, आत पाणी जाऊ नये म्हणून. काकू मागून आल्या. "ती बोलली होती काढून टाक, पण मला काय कळतंय त्यातलं. म्हटलं, निदान भिजायला नको." दोरीवर दोनच कपडे होते. एक टॉवेल, एक काकूंचा गाऊन. नंदकिशोरकाका, गीताचे पप्पा, जहाजावर असतात, तुम्हाला माहितीये, सहा-सहा महिने. समोर सगळी नवी मुंबई पसरलेली, आणि मधे तो टॉवर, हिरवी जाळी, आता काचा पण लागलेल्या. त्याच्या मागे कुठेतरी आमची गच्ची. इथून दिसतच नव्हती. काकू बोलल्या, "लावू का तिला फोन? माझा उचलते ती." आणि लावून माझ्या हातात दिला.

"हां आई," गीता बोलली. मी बोलली, मी आहे. ती बोलली, "तू घरी गेलीस?" मी बोलली, तू सांगितलं नाहीस. "मी सांगणार होते. मैत्री, ऐक ना, मी खरंच सांगणार होते, पण तुझा तेव्हा तो मेल यायचा होता..." मी बोलली, डबी कधी बंद केलीस? "निघाले त्या दिवशी. कपाटात आहे. आणि त्याच संध्याकाळी तुझा मेसेज आला, आला, क्लीन. मी ट्रेनमधे होते. मला कळेचना काय लिहू. मला वाटलं तुला कळलंय. मला वाटलं तू मुद्दाम लिहितेस." मी बोलली, मुद्दाम कशाला लिहू? "म्हणजे... राहू दे, चालू आहे असं धरू, असं. मला बरं वाटलं गं ते. इथे मी कोणाला ओळखत नाही." मी तिला फाईलचं सांगितलं. डाँगल पडला ते. ती हसेल असं मला वाटलं होतं ना, ती नाही हसली. मी विचारलं, आणि तू 'तुझा पण' लिहायचीस ते? ती बोलली, "माझ्याकडे तर डाँगल पण नाहीये इथे." काकू टॉवेल काढून परत घालत होत्या, तोच टॉवेल. म्हणजे रोज संध्याकाळी मी माझी डबी चालू करत होती, माझं नाव पाठवत होती, मैत्री, मैत्री, मैत्री, टॉवरच्या काचांवर, आणि पलीकडे दुधाची पिशवी बांधलेली. गीता बोलली, "चिडलीस?" मी बोलली, नाही. चिडली नव्हतीच. चिडायला पण समोर कोणीतरी लागतं. मी बोलली, ठेवते, काकू वाट बघतायत, आणि ठेवला.

काकू बोलल्या, "मोडलंय का तुमचं यंत्र?" मी बोलली, मोडलं नाही काकू, बंद आहे. "मग चालू कर की. कपाटात आहे सगळं, मी हात नाही लावला." आणि मला काय झालं माहीत नाही, मी केलं. गीताचा जुना लॅपटॉप, बिजागरी तुटलेला, भिंतीला टेकवून उघडला. पिशवी सोडली, केबल जोडली. डबीवर दिवा लागला. प्रोग्राम तसाच होता, रन केलं की पाठवायला लागायचा. काकू वाकून बघत होत्या. "आता ऐकू येतंय?" मी बोलली, इथे नाही ऐकू येणार काकू. हे नुसतं पाठवतंय. ऐकायचं तर मला तिकडे असायला पाहिजे, जुईनगरला. "मग तू तिकडे जा." मी बोलली, आणि इथे? हा लॅपटॉप मधेच अडकतो, तापला की सरकतं, कोणीतरी बघायला लागतं. काकू बोलल्या, "मी आहे ना इथे. काय दाबायचं तेवढं दाखवून ठेव." मी बोलली, काकू, तुम्ही कशाला? त्या बोलल्या, "अगं, संध्याकाळी मी तशीही गच्चीवरच असते." एवढंच बोलल्या, आणि खाली जाऊन प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या.

मी घरी आली तेव्हा उजेड होता अजून. पप्पा बोलले, "गाडीचं पुढचं चाक काय केलंस?" मी सरळ आत. फाईलचा चौकोन राखाडी आहे हे बघितलं, बोट लावून बघितलं, स्क्रीनवर. डाँगलचा निळा. रन. काकूंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. काकू, दिवा आहे? "आहे बाई, हिरवा." आकडे पळतायत? "पळतायत. येतंय का?" थांबा काकू. निळी स्क्रीन सरकत होती. मधे ती काडी. मी गेन थोडा उतरवला, थोडा चढवला. फ्रिक्वेन्सी डावीकडे नेली, उजवीकडे नेली, डाँगल तापू दिला, हात लावून बघितला, चटका बसला, चला, हा तरी खरा आहे. ग्रिलवरचा ॲंटेना उभा केला, आडवा केला. काकू, केबलचं तोंड जरा फिरवून घट्ट करा. "केलं. येतंय का आता?" चार घोळके नाहीत. धूळ. नुसती धूळ, पूर्ण स्क्रीनभर, सारखी. आणि खरं सांगते, माझ्या तोंडात आलं होतं, आला काकू, क्लीन. ओठांवर होतं. किती सोपं होतं. त्या खाली गेल्या असत्या, त्यांनी भाकरी टाकली असती, बरं वाटलं असतं त्यांना, मला पण. फोनमधून त्यांच्या गच्चीवरचा वारा ऐकू येत होता, आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज.

मी बोलली, नाही काकू. काहीच येत नाहीये.

पलीकडे खुर्ची परत सरकली. मला वाटलं ठेवतील. मग बोलल्या, "बरं. मग मी बसते अजून. तू बघ तुझं."